जीपवर चढविलेला साज

जीप हा शब्द मराठीत आला तो स्त्रीलिंग धारण करून. मोटार, बस, रेल्वे या थोरल्या बहिणींच्या पंक्तीत ती सहज जाऊन बसली. बेळगाव-खानापुराकडील उसाच्या फडांतून, माळव्यातील काळ्या शिवारांतून आणि गोव्याच्या तांबड्या धुळीच्या रस्त्यांवरून तिने अशी काही सेवा केली, की आमच्या पिढीतील अनेकांस ‘खेड्यात जाणारी गाडी’ म्हटले म्हणजे आजही तीच डोळ्यांपुढे उभी राहते. तहसीलदार जीपमधून येत, देवी टोचणारे डॉक्टर जीपमधून येत, शाळातपासणीस आलेले साहेबही जीपमधूनच उतरत. तिला कोणी सुंदर म्हणत नसे, आणि सजविण्याचा विचार तर कोणाच्या मनास शिवत नसे. लग्नाच्या वरातीपुरते झेंडूचे हार तेवढे बॉनेटवर पडत.

आता तिचे दिवस फिरले आहेत. २०१० साली महिंद्रांची ‘थार’ आली, २०२० साली तिचे नवे रूप आले, २०२३ साली मारुतीची ‘जिम्नी’ आली, आणि जीप ही गरजेची वस्तू न राहता हौसेची वस्तू झाली. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु या हौसेचा एक दुसरा अध्याय आहे, आणि तो गाडी घरी आल्यानंतर महिन्याभरात सुरू होतो. मालक तिला गॅरेजमध्ये नेतो व ‘मॉडिफाय’ करून आणतो. चाके मोठी होतात, कमान उंच होते, पुढे लोखंडी गार्ड येतो, टपावर दिव्यांची पट्टी चढते, बॉनेटच्या कडेने हत्तीच्या सोंडेसारखी एक नळी वर जाते. वर्ष-दोन वर्षांनी यांतील बऱ्याच वस्तू एकेक करून उतरविल्या जातात, काही अर्ध्या किमतीस विकल्या जातात, काही गच्चीवर गंजत पडतात. जुन्या गाड्यांच्या बाजारात तर अलीकडे विचित्रच प्रकार पाहावयास मिळतो: ज्या जिप्सीला कोणी हात लावलेला नाही, तिच्यासाठी ग्राहक अधिक दाम मोजावयास तयार असतो, आणि ज्यांनी हात लावला ते मूळचा बंपर, मूळच्या रिमा भंगारबाजारात शोधीत फिरत असतात.

मराठीत या कृतीला काय म्हणावे, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. मालक तिला ‘सुधारणा’ म्हणतो. कायदा तिला ‘फेरफार’ म्हणतो. जमिनीच्या कागदपत्रांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ‘फेरफार’ या शब्दाचे वजन सांगावयास नको; नोंद झाली तर हक्क, न झाली तर तंटा. जीपच्या बाबतीतही हाच शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.

मुळात ही गाडी कशी घडली ते पाहिले, म्हणजे फेरफार कोठे अंगाशी येतो ते कळू लागते. १९४० साली अमेरिकन सैन्याने एक हलके, चारही चाकांना गती मिळणारे वाहन मागविले. बँटम कंपनीने पहिला नमुना दिला. पुढे विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनी युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपा तयार केल्या. या विलीजचे इंजिन अवघे ६० अश्वशक्तीचे. पुढच्या व मागच्या आसांतील अंतर ८० इंच. वजन सुमारे अकराशे किलो. आणि टायरची रुंदी केवळ सहा इंच. आजच्या तरुणास हे टायर सायकलीचे वाटतील! परंतु त्या सहा इंचांमागे विचार होता. गाडी हलकी, म्हणून ती फारशी रुतत नसे. टायर अरुंद, म्हणून वरचा राडा कापून तो खालच्या घट्ट थरास जाऊन भिडत असे. पश्चिम घाटाच्या कुशीत, जेथे चिखलाखाली मुरूम किंवा जांभा दगड लागतो, तेथे ही युक्ती नेमकी लागू पडते. रुंद टायर वाळूत तरंगतो हे खरे, आणि वाळवंटात त्याची जागा आहेच. पण आपल्याकडील पावसाळी रस्त्यावर तो चिखलाच्या वरच्यावर घसरत राहतो. माळव्यातील काळी माती तर टायरच्या खाचांत अशी गच्च भरते, की पाचपन्नास पावलांत सर्व नक्षी बुजून तो गुळगुळीत होऊन बसतो, मग तो कितीही महाग असो.

१९४५ साली ‘महिंद्र अँड महंमद’ या नावाने निघालेल्या आणि १९४८ साली ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालेल्या कंपनीने हीच विलीज आपल्या देशात आणली. त्यानंतर इंजिने बदलली, अंग वाढले, थंड हवेचे यंत्र आले. परंतु वजन, चाक, आस, ब्रेक व इंजिन यांचे परस्परांशी जमवून दिलेले प्रमाण हाच प्रत्येक पिढीतील गाडीचा गाभा राहिला आहे. यांतील एकाला हात लावला की उरलेल्या चौघांची तक्रार सुरू होते. मालकाला ती ऐकू येते ती मात्र पैसे देऊन झाल्यावर.

पहिली तक्रार चाकांची. नव्या थारच्या १८ इंची रिमवरील टायरचा एकंदर व्यास सुमारे ३१ इंच भरतो. त्या जागी ३३ इंची टायर बसविला म्हणजे काय होते? चाक एका फेऱ्यात सहा टक्क्यांहून अधिक अंतर कापते. पण वेगदर्शक काट्याला चाक बदलल्याची वार्ता नसते. काटा ८० दाखवितो तेव्हा गाडी ८५ ने धावत असते. किलोमीटरही कमी नोंदले जातात. मालक हिशेब करतो, ‘पूर्वी लिटरमागे इतके देत होती, आता इतके कमी कसे?’ खरे तर त्यातील काही तूट केवळ काट्याची असते. उरलेली तूट मात्र खरी असते, कारण प्रत्येक चाक काही किलोंनी जड झालेले असून इंजिनाला दर वेळी ते वजन फिरवावयाचे असते. चढावर दुसऱ्या गिअरने जाणारी गाडी पहिला मागू लागते. ब्रेकची तीच गत. ब्रेकची तबकडी तेवढीच, पिस्टन तेवढाच, आणि चाकाची त्रिज्या मात्र वाढलेली. तेव्हा पायाने तोच जोर लावला तरी रस्त्यावर उतरणारी पकड त्याच प्रमाणात घटते. सहा टक्के म्हणजे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु पुढे आडवे आलेले गुरू आणि बंपर यांमधील अंतर शेवटी अशा टक्क्यांतच मोजले जाते.

शिवाय चिखलासाठी काढलेले जाड खाचांचे टायर ओल्या डांबरी रस्त्यावर कमी रबर टेकवितात. बेळगावहून गोव्यास जाणारा चोर्ला घाट आषाढ-श्रावणात ज्यांनी उतरला आहे त्यांना ओल्या वळणाचा अर्थ ठाऊक आहे. या टायरांचा आवाजही मोठा विलक्षण असतो: साठच्या पुढे सतत घूं-घूं. पहिल्या दिवशी तो मर्दानी वाटतो. हुबळीपर्यंत जाऊन येईतो मागच्या बाकावरील मंडळींचे डोके उठते. आणि मागच्या दारावर टांगलेल्या पाचव्या चाकाचाही विसर पडू नये. ते दार मूळच्या स्टेपनीचे वजन धरून बनविलेले असते. जड चाक खड्ड्यांतून हिंदकळू लागले की बिजागऱ्या ढिल्या होतात, दार खाली झुकते, पुढे पत्र्याला चीर जाते. हा खर्च कोणी अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

दुसरी तक्रार उंचीची, आणि ती सर्वांत गंभीर. गाडी उंच केली म्हणजे दगडावर पोट घासत नाही, हे तर खरेच. जुन्या गाडीत कमानीचे पाटे वाढवून किंवा लांब शॅकल घालून, आणि नव्या गाडीत उंच स्प्रिंगा वा त्यांखाली ठोकळे घालून ही उंची साधतात. परंतु आडवळणावर गाडी उलटते की सावरते, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: दोन चाकांमधील आडवे अंतर आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासून उंची. पहिल्याच्या निम्म्याला दुसऱ्याने भागले की गाडीच्या स्थैर्याचा एक अंक मिळतो. साध्या मोटारीचा हा अंक साधारणतः १.३ ते १.५ असतो, म्हणून ती वेगात वळताना आधी घसरते, सहसा उलटत नाही. उंच गाड्यांचा मुळातच १ ते १.३ च्या दरम्यान. आता उदाहरणादाखल, चाकांतील अंतर दीड मीटर व गुरुत्वमध्य ७० सेंटीमीटर उंच अशी एक गाडी घ्या. तिचा अंक १.०७. तिला तीन इंच, म्हणजे साडेसात सेंटीमीटर, उंच केले की तो ०.९७ वर येतो. मग टपावर लोखंडी जाळी बसवून तंबू, पाण्याचे कॅन व जादा चाक असे साठेक किलो चढविले, तर पावणेदोन टनांच्या गाडीचा गुरुत्वमध्य आणखी चार सेंटीमीटर वर सरकतो व अंक ०.९२ होतो. कोरड्या डांबराची पकड चांगल्या टायरला ०.८ ते ०.९ पर्यंत मिळू शकते. म्हणजे घसरणे आणि उलटणे यांमध्ये जी मोकळी जागा कारखान्याने ठेवली होती, ती मालकाने पैसे देऊन जवळजवळ बुजवून टाकली. आठवीच्या मुलांना गुरुत्वमध्य शिकविताना लाकडी ठोकळा तिरपा करून दाखवितात. तेवढाच हा प्रयोग, फक्त ठोकळ्यात माणसे बसलेली असतात.

उंचीचे इतर परिणाम हळूहळू उमगतात. इंजिनाची गती मागच्या आसाकडे नेणारा शाफ्ट तिरपा होतो आणि त्याचे क्रॉस लवकर झिजतात. ठरावीक वेगाला गाडीखालून एक थरथर सुरू होते व ती कोणत्याही मिस्त्रीला पहिल्या फेरीत सापडत नाही. ज्यांचा पुढचा आस अखंड आहे, अशा जुन्या जीपेत, जिप्सीत वा जिम्नीत चाकांचा कोन बिघडून स्टिअरिंग एकाएकी दोन्ही बाजूंस जोराने थडथडू लागते. मिस्त्री त्याला ‘वॉबलिंग’ म्हणतात. ज्याने तो अनुभव घेतला त्याला नावाची गरज उरत नाही. थारची पुढची चाके स्वतंत्र झुलतात. तेथे आसाच्या सांध्यांवरील रबरी बूट ताणून फाटतात, ग्रीस बाहेर पडते, आत वाळू शिरते. ब्रेकची रबरी नळी तोकडी पडते ती तर खड्ड्यात चाक पूर्ण खाली लोंबल्याशिवाय कळतच नाही. हेडलाइटांचा झोत वर जातो आणि समोरून येणारा शिव्या देत जातो.

आणि घरातील माणसे? आमच्या परिचयातील एका कुटुंबात मुलाने मोठ्या हौसेने गाडी चार इंच उंच करून आणली. आजी नऊवारीतील. कुलदैवताला जावयाच्या दिवशी त्यांचा पाय पायरीपर्यंत पोहोचेना. दोन माणसांनी काखेत हात घालून चढविण्याचा बेत त्यांनी साफ नाकारला. अखेर देवघरातील पाट आणून खाली ठेवण्यात आला, आणि पुढे कित्येक महिने तो पाट गाडीच्या मागच्या भागात स्टेपनीच्या पान्यांबरोबर प्रवास करीत होता. गंमत वाटते, पण शेवटी त्या गाडीची उंची उतरविली गेली ती याच पाटामुळे. शाफ्ट, क्रॉस, वॉबलिंग यांपैकी कशाचाही त्यात वाटा नव्हता.

जुन्या उघड्या जीपांत आणखी एक धोका आहे. शोभेसाठी डोक्यावरून जाड नळ्यांची कमान बसविली जाते. खरी संरक्षक कमान चासीला घट्ट जोडलेली असते. बाजारातील पुष्कळशा कमानी केवळ पातळ पत्र्याला चार बोल्टांनी डकविलेल्या असतात. गाडी उलटली तर ती पत्र्यासकट उखडते, आणि न उलटता नुसता हिसका बसला तरी पट्टा न लावलेल्या मुलाचे डोके त्या नळीवर आदळते. मागच्या आडव्या बाकांवर लहान मुले बसविणाऱ्यांनी हे एकदा हाताने चाचपून पाहावे.

आता त्या सोंडेविषयी. इंजिनाला हवा लागते. ही नळी हवा घेण्याचे तोंड टपाच्या उंचीपर्यंत नेते, एवढेच तिचे काम. त्यामुळे गाडी जलचर होत नाही. पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर ते हवेसारखे दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन तत्क्षणी निकामी होते. नळी असेल तर हे टळावे. परंतु अनेक ठिकाणी वरची नळी बसवून खालच्या पेटीची भोके, सांधे तसेच उघडे सोडलेले असतात, आणि इंजिन आपले खालूनच पाणी ओढते. शिवाय आसांचे वातमार्ग, गिअरपेटी, दिव्यांचे जोड व वायरिंग हे सारे तर पाण्यातच असते. महिंद्रांनी नव्या थारसाठी पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली आहे, म्हणजे दोन फुटांहून किंचित अधिक. आणि तीही संथ पाण्याची समजावी. वाहते पाणी दोन फूट असेल तर ते बहुतेक गाड्यांना उचलून नेऊ शकते. तेथे हवा कोठून घेतली याला अर्थ उरत नाही.

या बाबतीत व्यवसाय म्हणून पाण्यातून गाडी नेणारे काय करतात ते पाहण्यासारखे आहे. गोव्यात कुळे येथून दूधसागर धबधब्याकडे प्रवाशांना घेऊन जाणाऱ्या जीपा भगवान महावीर अभयारण्यातील ओहोळ ओलांडीत जातात. तेथील चालकांचे सर्व कौशल्य गती मंद ठेवण्यात, दगडांची ओळख ठेवण्यात आणि एकसारखा पाय देण्यात आहे. आणि पावसाळ्यात पाणी चढले म्हणजे? तेव्हा तो मार्गच बंद असतो. रोजचे पोट ज्यांचे त्या पाण्यावर चालते त्यांनी काढलेला हा तोडगा आहे.

लोखंडी गार्ड, विंच व दिवे यांविषयी थोडक्यात सांगतो. गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळावा अशीच त्याची रचना असते. चुरगळताना तो धक्का शोषतो आणि त्याच वेळी एअरबॅग फुगण्याचा क्षण ठरतो. त्यापुढे जाड लोखंडाचा गार्ड आला की धक्का सरळ चासीत जातो व एअरबॅगचे गणित बिघडते. पायी चालणाऱ्याला तर तो गार्ड म्हणजे पहार. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड काढावयास लावण्याचे सांगितले. विंच ही वस्तू खऱ्या जंगलात फिरणाऱ्यास उपयोगी आहे यात शंका नाही. पण ती व तिच्यासाठी लागणारा पोलादी बंपर मिळून पुढच्या स्प्रिंगांवर कायमचे एक माणूस बसविल्यासारखे होते. आणि वर्षानुवर्षे न उलगडलेला तिचा तार ऐन प्रसंगी तुटला तर चाबकासारखा उलटून येतो. टपावरील दिव्यांच्या पट्टीची गोष्ट आंबोलीच्या धुक्यात गेलेल्यांना विचारावी: उंचावरून सोडलेला पांढराशुभ्र झोत धुक्याच्या थेंबांवर आपटून चालकाच्याच डोळ्यांवर परततो आणि समोर चुन्याची भिंत उभी राहते. मूळच्या तारा सोलून, रिले व फ्यूज न घालता असे दिवे जोडण्याची जी पद्धत पडली आहे, ती तर गाडी जाळण्याचीच पद्धत होय.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ असे सांगते, की नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकाने करू नये. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ (अ) आले व अशा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. ‘प्रत्येक’ हा शब्द ध्यानात घ्यावा. चार वस्तू म्हणजे चार वेळा. आपणां परप्रांतस्थ मराठी कुटुंबांची गोष्ट तर आणखी निराळी. कर्नाटक, गोवा वा मध्य प्रदेशाची पाटी लावून आपण कोल्हापूरला, तुळजापूरला, जेजुरीला जातो. गावातील ओळखीचा शिपाई सोडून देत असेल, परंतु सीमेपलीकडच्या नाक्यावर ती ओळख चालत नाही. आणि दंड भरून सुटका होईल, पण अपघातानंतर विमा कंपनीचा तपासनीस गाडी पाहावयास येतो तेव्हा न कळविलेला प्रत्येक फेरफार तो वहीत लिहून घेतो. दावा अडला की मग त्या वहीपुढे वाद घालीत बसावे लागते.

येथवर जे सांगितले ते हौसेच्या फेरफारांचे. परंतु एक फेरफार असा आहे, की तो हौसेने झाला नाही, गरजेने झाला. आणि त्याचा पश्चात्ताप करणारा केलेल्या माणसाचा नातू आहे. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव चौपट झाला. आपल्याकडे पेट्रोल कडाडले. घरोघरच्या पेट्रोलवरच्या जीपा दाराशी उभ्या राहिल्या. शेतीवाडी तर थांबत नाही. तेव्हा मालकांनी मिस्त्रीला बोलावून पेट्रोलचे इंजिन उतरविले व त्या जागी ट्रॅक्टरचे वा मालवाहू टेंपोचे डिझेल इंजिन बसविले. मी त्यांना नावे ठेवणार नाही. ज्याला रोज दूध पोहोचवावयाचे आहे, आजाऱ्याला तालुक्याच्या गावी न्यावयाचे आहे, त्याने पुढे पन्नास वर्षांनी ही गाडी ‘व्हिंटेज’ ठरेल याचा विचार का म्हणून करावा? त्या फेरफाराने त्या गाड्या पुढे पंचवीस-तीस वर्षे चालल्या, हेही खरे.

तथापि त्याचीही किंमत होतीच. डिझेल इंजिन जड. पुढचे पाटे बसले, स्टिअरिंग हातांना खेचू लागले. ट्रॅक्टरचे इंजिन मुळात संथ फिरणारे. गिअर मात्र पेट्रोलच्या वेगाचे, म्हणून सपाट रस्त्यावरही गाडी धापा टाकी. सर्वांत वाईट म्हणजे त्याचा थरकाप. चासीच्या आडव्या पट्ट्यांना ज्या चिरा गेल्या त्यांवर वेल्डिंगचे थर चढत गेले. आणि काढलेले मूळ इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात काही वर्षे पडून राहून अखेर किलोच्या भावाने भंगारात गेले.

आता नातवाला ती जीप आजोबांच्या आठवणीसाठी पूर्ववत करावयाची आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी नवी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. त्याला ‘व्हीए’ अक्षरांची निराळी पाटी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० ठरविण्यात आले. मात्र अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. चासी, बॉडी वा इंजिन यांत भारी फेरफार झालेला नसावा. म्हणजे आजोबांचा तो डिझेलचा निर्णय येथे नेमका आडवा येतो. ज्यांनी त्या काळी परिवहन कार्यालयात जाऊन आर. सी. बुकात ‘डिझेल’ ही नोंद करून घेतली त्यांची सामान्य नोंदणी निदान सुरळीत असते व ठरावीक मुदतीने तिचे नूतनीकरण होऊ शकते. ज्यांनी ती नोंद केलीच नाही, त्यांच्या पुस्तकातील इंजिन-क्रमांक एक आणि बॉनेटखालील दुसरा; तपासणीच्या वेळी अधिकारी कंदील धरून क्रमांक वाचू लागला की घरातील सर्वांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. जुन्या सुट्या भागांतून जीपा बांधून विकणाऱ्या हरियाणातील मंडी डबवालीसारख्या बाजारांकडे हौशी मंडळींचा ओढा आहे. तेथून किंवा कोठूनही गाडी घेताना हाच क्रमांक आधी स्वतः वाचून पाहावा. रंग नंतर पाहावा.

ज्यांना चिखलातून, ओढ्यातून खरोखर जावयाचे आहे त्यांना उपयोगी पडणाऱ्या वस्तू मात्र फारशा दिसण्यातल्या नाहीत. हवा मोजण्याचा काटा व लहान पंप: रुतणाऱ्या जमिनीवर टायरची हवा अठरा-वीस पौंडांपर्यंत उतरविली की टायर पसरून पकड घेतो, आणि डांबरी रस्ता लागण्यापूर्वी ती पुन्हा भरावयाची असते. पुढेमागे चासीला पक्के जोडलेले हूक. एक फावडे, एक जाड पट्टा. आसांच्या वातमार्गाची नळी थोडी वर नेऊन बांधणे. याला पैसा लागत नाही आणि पाण्यातून निघाल्यावर आसाच्या तेलाचे ताक होत नाही. कोणाला याउपर चाके, स्प्रिंगा बदलावयाच्याच असतील, तर काढलेली मूळ वस्तू गॅरेजवाल्याच्या हवाली न करता घरी आणून तेल लावून माळ्यावर ठेवावी. परतीच्या वेळी ती बाजारात मिळत नाही.

आणि ज्यांच्या गोठ्यात, पडवीत किंवा विहिरीच्या खोलीत अजूनही एखादे जुने पेट्रोलचे इंजिन पोत्याखाली झाकलेले असेल, त्यांनी त्यावर कोरलेला क्रमांक आर. सी. बुकाशी ताडून पाहावा, त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, सिलिंडरांत थोडे तेल सोडून त्यांची तोंडे बंद करावीत, आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाला दाराशी आला तर घरातील सर्वांस आधीच सांगून ठेवावे.